वाड्यातले गुपित: घरगुती रहस्यकथेत आईचा भूतकाळ वाचकाला केव्हा सांगावा?

अक्षरवेल (कर्वेनगर)

नमस्कार. मी एक कादंबरी लिहीत आहे. तिला रहस्यकथा म्हणता येईल, परंतु तीत खून नाही, गुप्तहेर नाही, पोलीसही नाहीत. जे काही घडते ते एका वाड्याच्या चौकात, माजघरात आणि जिन्यावर घडते. कथानक थोडक्यात सांगते, म्हणजे माझी अडचण नेमकी कळेल.

नारायण पेठेत नदीच्या अंगाला एक वाडा आहे. नायिका पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. घरात तिची आई आणि आजी, म्हणजे माई, अशा दोघीच आहेत. माईंचे वय 84. वाडा माईंच्या वडिलांचा होता आणि आज तो माईंच्या एकटीच्या नावावर आहे. चौकापलीकडच्या दोन खोल्यांत बापू नावाचे साठी ओलांडलेले, अविवाहित भाडेकरू राहतात. वाडा पाडून इमारत बांधायचे ठरते, बिल्डरशी बोलणी होतात, पण माई काही केल्या सही करायला तयार होत नाहीत. एका रात्री बाळाला पाजायला उठलेल्या नायिकेला खिडकीतून दिसते की माई चौक ओलांडून बापूंच्या दारापर्यंत गेल्या, क्षणभर थांबल्या आणि परत फिरल्या. सकाळी तिने विषय काढला, तर आई आणि माई दोघीही एका सुरात म्हणतात की बाळंतिणीला जागरणाने भास होतात.

गुपित असे आहे की बापू हे माईंचेच मूल आहे. ते लग्नाआधी झाले, 1961 च्या पानशेतच्या पुराच्या थोडे आधी, आणि चौकापलीकडच्या अपत्यहीन जोडप्याने ते आपले म्हणून वाढवले. पुरात वाड्याची मागची पडवी वाहून गेली, माणसे पांगली आणि त्या गोंधळात मुलाचा प्रश्न मिटला, अशी माझी मांडणी आहे.

आता प्रश्न. हे नाते वाचकाला शेवटच्या प्रकरणात सांगावे की आधीच? शेवटपर्यंत दडवले तर चाणाक्ष वाचक ते आधीच ओळखतो आणि उरलेली पाने नुसती चाळतो. आधी सांगितले तर पुढे ताण कशाचा उरतो, हे मला कळत नाही. दुसरे असे की, जिथे एका नळावर सगळे पाणी भरत होते, अशा वाड्यात ही गोष्ट साठ वर्षे गुप्त राहू शकते का? आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त छळते. अशा कथांमध्ये शेवटी आईच गुन्हेगार ठरते: तिने लपवले, तिने टाकले, तिने खोटे सांगितले. माईंचे तसे व्हावे असे मला वाटत नाही, पण म्हणून त्यांना देवीही करायचे नाही.

दस्तनोंदणी

अक्षरवेल, मी दिवाणी बाजूची वकिली करते आणि जुन्या पेठांमधल्या मिळकतींची बरीच कामे माझ्याकडे येतात. त्यामुळे आधी कायद्याच्या बाजूने लिहिते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच दिसते.

जिवंत माणसाला वारस नसतो. वाडा माईंच्या एकटीच्या नावावर असेल, तर त्या हयात असेपर्यंत सही फक्त त्यांची लागते आणि मुलीचा किंवा बापूंचा त्यात कोणताही हक्क उभा राहत नाही. म्हणजे माईंनी सही नाकारणे हा स्वभावाचा भाग होईल, पेच होणार नाही. पेच हवा असेल, तर कादंबरीच्या पहिल्या तृतीयांशातच माईंचा मृत्यू होऊ द्या, आणि तोही मृत्युपत्र न करता.

मग काय होते ते पाहा. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या स्त्रीची मिळकत प्रथम तिच्या मुलांना आणि पतीला समान वाट्याने मिळते. माईंचे पती आधीच वारले असतील, तर उरतात मुले. विवाहबाह्य अपत्य वडिलांच्या बाजूने उपरे ठरले, तरी याच कायद्याच्या व्याख्येनुसार आईशी त्याचे नाते मान्य आहे. म्हणजे ज्या बापूंनी आयुष्यभर माईंना भाडे दिले, ते अर्ध्या वाड्याचे मालक ठरतात.

याला अपवाद एकच, दत्तकविधान. हिंदू दत्तक व निर्वाह कायदाही 1956 चाच आहे. त्याप्रमाणे दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मघराशी असलेले वारसाचे नाते दत्तकाच्या दिवसापासून तुटते. त्यासाठी होम आवश्यक नाही, पण मुलाचे प्रत्यक्ष देणे आणि घेणे, तेही दत्तकाच्या हेतूने, आवश्यक आहे. नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर दत्तक रीतसर झाले असे न्यायालय गृहीत धरते. तुमच्या कथेत कागद नाही. रात्री एका खोलीतून दुसऱ्या खोलीत मूल गेले, एवढेच आहे. ते दत्तकविधान होते की केवळ सांभाळ, यावर दोन्ही बाजूंनी जोरदार युक्तिवाद होऊ शकतो. आणि इथे खरी गंमत नाही, यातना आहे: बापूंचा हक्क नाकारण्यासाठी नायिकेच्या आईला आधी हे मान्य करावे लागेल की मूल माईंचे होते आणि माईंनी ते दिले. गुपित झाकायचे तर ते न्यायालयात उघड करावे लागते.

आता कागदाकडे या. वारसनोंदीसाठी नायिकेच्या आईला प्रतिज्ञापत्र करावे लागेल आणि त्यात एक ठरलेले वाक्य असते: मयतास आमच्याशिवाय दुसरे कोणीही कायदेशीर वारस नाहीत. ते टंकलिखित होऊन समोर येते, पक्षकार खाली सही करतो, बहुतेक जण वाचतही नाहीत. तुमच्या कादंबरीतला गुन्हा हा आहे. तो साठ वर्षांपूर्वी माईंच्या हातून घडलेला नाही. तो आज, एका सुशिक्षित, सज्जन मुलीच्या हातून घडणार आहे किंवा घडता घडता राहणार आहे. म्हणून माझे मत असे की बापू कोण आहेत हे वाचकाला माईंच्या मृत्यूच्या आसपासच कळू द्या. त्यानंतरचा ताण आपोआप येईल: आई सही करते का, नायिका तिला करू देते का, आणि बापूंना काय ठाऊक आहे?

बिल्डरलाही विसरू नका. भाडेकरू म्हणून बापूंना नव्या इमारतीत करारानुसार एखादी सदनिका मिळेल. वारस म्हणून ते निम्मी बोलणी हाती घेतील. त्यामुळे त्यांनी भाडेकरूच राहावे यात त्याचा उघड फायदा आहे, आणि ज्याला फायदा आहे तो चौकशी करतोच.

ओसरी

माझे लहानपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी स्पष्टच उत्तर देते: वाड्यात गरोदरपण लपत नाही. नळावर, संडासच्या रांगेत, वाळवणाच्या वेळी बायका एकमेकींना रोज पाहत असत. कोण कधीपासून बाजूला बसली नाही, हे शेजारणींना घरच्यांच्या आधी कळे. बाळंतिणीच्या खोलीतून ओवा-शेपाच्या धुरीचा वास बाहेर येतो आणि तो कोणत्याही दाराने अडत नाही.

म्हणून "कोणालाच माहीत नव्हते" असे लिहू नका. सगळ्यांना माहीत होते आणि कोणीही बोलले नाही, असे लिहा. हेच वाड्याच्या स्वभावाला धरून आहे. मोठ्या बायका गोष्ट पोटात ठेवत, ती प्रेमापोटी, भीतीपोटी किंवा आपलेही एखादे प्रकरण दुसरीच्या पोटात आहे म्हणून. ज्यांना माहीत नसे ती त्या घरातली पुढची पिढी. अख्खा वाडा जाणतो आणि नायिकेच्या आईला पन्नाशीपर्यंत कोणी सांगत नाही, हे मला फार खरे वाटते.

पुराविषयी माझे मत तुमच्या उलट आहे. 12 जुलै 1961 या दिवसाने काही झाकले जाईल असे तुम्ही मानता, परंतु पुण्यातल्या त्या पिढीला दुसरा कोणताही दिवस इतका तपशिलाने आठवत नाही. धरण फुटल्याची बातमी कोणी आणली, कोण कोणत्या गच्चीवर चढले, कोणाच्या कडेवर कोणते मूल होते, हे लोक चाळीस-पन्नास वर्षांनंतरही न अडखळता सांगत. त्या दिवसाबद्दल खोटे बोलणे सर्वांत कठीण. त्यामुळे पूर हा पडदा म्हणून न वापरता साक्षीदार म्हणून वापरा. पूरग्रस्त कुटुंबांपैकी अनेकांचे पुनर्वसन गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहतींत झाले. तुमच्या वाड्यातली एखादी शेजारीण तिकडे गेलेली असू द्या. ती आज नव्वदीची असेल, तिचा वाड्याशी कोणताही व्यवहार उरलेला नसेल, आणि नायिका तिला भेटायला गेली की ती सहज म्हणेल, "पाणी चढलं तेव्हा माईनंच त्याला उचललं होतं, त्याच्या आईनं नाही." सगळे गुपित त्या एका वाक्यात येते आणि बोलणारीला आपण काही उघड केले याची जाणीवही नसते.

आणखी एक तपशील सुचवते. पाचवीला सटवाईच्या पूजेसाठी पाटा-वरवंटा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात आणि घरातल्या बायका रात्रभर जागतात. माईंच्या खोलीत ही पूजा उघडपणे होणे शक्यच नव्हते. ती चौकापलीकडे झाली असेल. पण त्या जोडप्याकडे स्वतःचा पाटा नव्हता असे धरा. मग तो जड पाटा माईंच्या स्वयंपाकघरातून दोघींनी उचलून चौकातून नेला असेल आणि वाड्याने तो जाताना पाहिला असेल. एखाद्या वृद्धेला बाकी काही न आठवता फक्त तो पाटा आठवू शकतो.

आणि मुलाला दूध कोणी पाजले, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारला आहे का? वाढवणाऱ्या आईला दूध येणार नव्हते. गाईचे दूध पाणी घालून दिले असेल, पण पहिले काही महिने रात्री माईच चौक ओलांडून जात असणार. आज घरात तान्हे मूल आहे, ते रात्री रडते आणि माई उठून त्याच दाराकडे जातात. तुम्ही लिहिलेल्या प्रसंगाचे कारण तुमच्या हाताशीच आहे. हे मात्र वाचकाला समजावून सांगू नका. नायिकेच्या लक्षात यायला थोडा उशीर लागू द्या.

खडूफळा

मी शाळेत लिपिकाचे काम केले आहे, म्हणून एवढेच लिहितो. ज्या मुलाच्या जन्माचा कागद नसे, त्याची जन्मतारीख प्रवेशाच्या वेळी सर्रास 1 जून लावली जाई, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत. बापूंच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 1 जून हीच तारीख असेल आणि त्यावर वडिलांचे नाव असेल, आईचे नसेल. जुन्या दाखल्यांवर ते सहसा नसेच. महाराष्ट्रात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आहे. म्हणजे नायिकेच्या बाळाच्या नावात आई आपोआप येणार. एकाच घरात हे दोन कागद एका दिवशी टेबलावर आले, तर तुम्हाला वेगळे काही लिहावे लागणार नाही.

सांजवात

मी समुपदेशक आहे आणि एका दत्तक मुलीची आई आहे. वरची चर्चा मन लावून वाचली. दोन गोष्टींविषयी मला कळकळीने लिहायचे आहे.

पहिली गोष्ट नायिकेची. नुकतीच बाळंत झालेली स्त्री काहीतरी पाहते, तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि शेवटी एकतर तिचे खरे ठरते किंवा ती आजारी ठरते, ही या प्रकारच्या कथांची ठरलेली वाट आहे. प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार, ज्यात खरोखर भास होतात, तो हजार प्रसूतींमागे एखाद-दुसऱ्या स्त्रीला होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो आणि त्याला तातडीने वैद्यकीय उपचार लागतात. प्रसूतीनंतरचे नैराश्य त्याहून पुष्कळ जास्त आढळते, परंतु त्यात खिडकीतून नसलेली माणसे दिसत नाहीत. कृपया या दोन्हींची सरमिसळ करू नका. "बाळंतिणीला भास होतात" हे वाक्य घरातल्या बायका ज्या सहजतेने वापरतात, ती सहजताच तुमच्या कथेत भयावह आहे, कारण ते बोलणाऱ्या दोघीही स्वतः बाळंतिणी होत्या आणि दोघींपैकी निदान एकीला खरे काय ते ठाऊक आहे. नायिका सव्वा महिना त्या खोलीत अडकलेली आहे, झोप पुरत नाही, अंगावर दूध पिणारे मूल आहे, आणि तिला हळूहळू स्वतःच्या डोळ्यांवर शंका येऊ लागते. यावर तुम्ही हवी तितकी पाने खर्च करा.

दुसरी गोष्ट वाढवणाऱ्या आईची. आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत माई आहेत, बापू आहेत, वाडा आहे. जिने मुलाला लहानाचे मोठे केले तिला अजून नावही मिळालेले नाही. रोज समोरच्या खोलीत मुलाची जन्मदात्री दिसते, ती घरमालकीण आहे, आणि मनात आणले तर एका महिन्याच्या मुदतीत घर सोडायला सांगू शकेल, अशी भीती तिला असणार. ही बाई काय खात असेल, काय बोलत असेल, मूल चौकात खेळताना पाहून कुठे उभी राहत असेल? माझ्या मते तुमच्या कादंबरीतली सर्वांत मोठी धास्ती तिची आहे. दस्तनोंदणी यांनी भाड्याचा उल्लेख केला आहे. भाडे ती स्वतः नेऊन देत होती का, की दर महिन्याला मुलाच्या हाती पाठवत होती? आणि माई पावतीवर त्याचे नाव कधीपासून लिहू लागल्या?

माईंना गुन्हेगारही करायचे नाही आणि देवीही करायचे नाही, असे तुम्ही म्हणता, म्हणून पुण्याच्याच इतिहासातली एक गोष्ट समोर ठेवते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, ते विधवांना निर्भयपणे बाळंत होता यावे म्हणून. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला. तोच यशवंत, जो नंतर डॉक्टर झाला. त्यांनी हे लपवले नाही. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, त्याच शहरात, माईंना मूल चौकापलीकडे द्यावे लागले आणि तोंडाला कुलूप लावावे लागले. माईंना आश्रय उपलब्ध नव्हता असे नाही; तो घ्यायचा तर वाडा सोडावा लागला असता आणि मूल डोळ्यांआड गेले असते. त्यांनी मूल डोळ्यांसमोर ठेवण्याचा पर्याय निवडला आणि त्याची किंमत म्हणून आयुष्यभर त्याच्याकडे भाडेकरू म्हणून पाहिले. हे चांगले की वाईट, हे तुम्ही ठरवू नका. वाचक आपापल्या परीने ठरवतील आणि भांडतीलही.

एका बाबतीत मी दस्तनोंदणी यांच्याशी सहमत नाही. बापू कोण हे लवकर सांगायला हरकत नाही, परंतु बापूंना काय ठाऊक आहे हे शेवटपर्यंत राखून ठेवा. आज कायदेशीर मार्गाने दत्तक गेलेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो, मात्र जन्मदात्रीच्या खासगीपणाचा मान राखावा लागतो. बापूंना असा कोणताही अर्ज करण्याची गरज नव्हती. ते साठ वर्षे समोर राहिले, लग्न केले नाही, दुसरे घर घेतले नाही. ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस असे वागत नाही.

अक्षरवेल (कर्वेनगर)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाट्याचा तपशील आणि प्रतिज्ञापत्रातले वाक्य, या दोन गोष्टींमुळे माझी मधली सहा-सात प्रकरणे पुन्हा लिहावी लागणार आहेत, आणि मी ती आनंदाने लिहीन. माईंचा मृत्यू आता आधी येईल. वाढवणाऱ्या आईला मी सुशीला हे नाव दिले आहे आणि भाड्याच्या पावत्यांचे एक स्वतंत्र प्रकरण तिच्या बाजूने लिहायला घेतले आहे.

दस्तनोंदणी, एक शंका राहिली. बापूंनी स्वतःहून हक्क मागितलाच नाही, तर नायिकेच्या आईने खोटे प्रतिज्ञापत्र केले तरी प्रकरण तिथेच संपणार नाही का? आणि बापूंना हे कळावे अशी एखादी स्वाभाविक जागा आहे का, जिथे कोणी येऊन त्यांना सांगावे लागणार नाही?

दस्तनोंदणी

जागा आहे. बिल्डरचा वकील मिळकतीच्या मालकीचा शोध घेतो, मिळकत पत्रिका आणि जुने दस्त तपासतो आणि मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. तीत मिळकतीचे वर्णन असते, पेठ, घर क्रमांक, चतुःसीमा, आणि मालक म्हणून सध्या पुढे आलेल्या व्यक्तींची नावे असतात. कोणाचा वारसाहक्क, गहाण, बोजा किंवा अन्य हितसंबंध असल्यास त्याने ठरावीक दिवसांत, बहुधा चौदा किंवा पंधरा, लेखी पुराव्यासह कळवावे, असे खाली म्हटलेले असते. बापू सकाळी वर्तमानपत्र घेतात, हे तुम्ही आधीच्या प्रकरणात सहज नोंदवून ठेवा.

तुमच्या पहिल्या शंकेविषयी: नोटिशीची मुदत उलटली म्हणून वारसाचा हक्क संपत नाही. त्याला नंतरही वाटपाचा दावा लावता येतो, आणि खोट्या प्रतिज्ञापत्राची जबाबदारी ते करणाऱ्यावर कायम राहते. त्यामुळे बापूंनी मौन पाळले तरी नायिकेच्या आईला सुटल्यासारखे वाटणार नाही. बापूंनी हरकत घ्यावी की नाही हे तुम्ही ठरवा, पण त्यांनी हक्क सोडायचा ठरवला तर तोही तोंडी सोडता येत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते, आणि त्यात हक्क कोणत्या नात्याने प्राप्त झाला होता ते लिहावे लागते. म्हणजे बापूंनी वाडा बहिणीला देऊन टाकायचे म्हटले, तरी दुय्यम निबंधकासमोर बसून त्यांना आधी माईंचा मुलगा म्हणून सही करावी लागेल.